जिवाणू आपली प्रथिनं दुसऱ्याच्या पेशीत कशी घालतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात हा विषय दोन दारांनी येतो. एक दार एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या वर्गाचं, दुसरं शेताचं. आजऱ्याकडे भाताच्या कडा वाळतात, गडहिंग्लजकडे वांग्याची झाडं उभ्या उभ्या माना टाकतात, आणि या दोन्हींच्या मुळाशी तेच यंत्र निघतं जे वर्गात फळ्यावर काढतात. दोन्हीकडचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. शेतीपुरतंच वाचायचं असेल त्यांनी सरळ कडा करप्याच्या प्रश्नाकडे जावं.

जिवाणू प्रथिनं "टोचतात" म्हणजे इंजेक्शन देतात तसं का?

नावावरून तसंच वाटतं. या यंत्राला इंजेक्टिसोमच म्हणतात, आणि बहुतेक पुस्तकांत सिरिंजचं चित्र असतं. ते चित्र डोक्यातून काढलं तर पुढचं सगळं सोपं जातं. सिरिंजमध्ये औषध पातळ असतं, मागून दट्ट्या दाबला की ते एकदम आत जातं. इथे दट्ट्या नाही, द्रव नाही, आणि सुई यजमान पेशीला भोसकतही नाही.

जवळची गोष्ट म्हणजे नेफ्यात नाडी ओवणं. नाडीचं एक टोक पिनेला लावायचं, नेफ्याच्या तोंडातून आत सारायचं आणि सरकवत सरकवत पलीकडे काढायचं. मध्ये गाठ असली की काम तिथंच खोळंबतं. प्रथिनाचंही तसंच. घडी घालून बसलेलं साधं प्रथिन 3 ते 5 नॅनोमीटर जाडीचं असतं आणि सुईच्या आतली वाट जेमतेम 2 नॅनोमीटरची, काही ठिकाणी त्याहूनही अरुंद. म्हणून प्रत्येक प्रथिन आधी उलगडतं, एका टोकाने आत शिरतं, धाग्यासारखं पार होतं आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा घडी घालतं. पुढे प्रयोग का फसतात, कोणती प्रथिनं अडकतात, ही सगळी उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

यंत्रात नेमके कोणते भाग असतात?

जुलाब करणाऱ्या साल्मोनेला टायफिम्युरियम या जिवाणूचं यंत्र घेऊ, कारण ते सगळ्यात जास्त अभ्यासलेलं आहे. 1998 मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते पहिल्यांदा सुटं करून दाखवलं गेलं. याला टाइप थ्री सिक्रीशन सिस्टिम म्हणतात. इथे आपण टाइप थ्री म्हणू.

ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूला दोन पटलं असतात. आतल्या पटलात पीआरजीएच आणि पीआरजीके यांची 24-24 घटकांची कडी बसते, बाहेरच्या पटलात इनव्हीजीची 15 घटकांची. या कड्यांच्या पोटात निर्यातीचा दरवाजा असतो. त्याखाली, पेशीच्या आत, माल निवडून लावणारा चौथरा आणि सहा घटकांचं एटीपीएज (पेशीचं इंधन एटीपी फोडणारं एन्झाइम) असतं. वर सुई. ती पीआरजीआय नावाच्या एकाच छोट्या प्रथिनाचे शंभराहून जास्त मणी मळसूत्रासारखे रचून बनते. सुईच्या टोकावर एसआयपीडीची टोपी. आणि शेवटी एसआयपीबी, एसआयपीसी ही दोन प्रथिनं, जी यजमानाच्या पटलात जाऊन भोक तयार करतात. भोक पाडणारी ही जोडी वेगळी असते, सुई फक्त त्यांच्यापर्यंत पोचते.

नावं जिवाणूगणिक बदलतात आणि विद्यार्थी इथेच वैतागतात. येर्सिनियात (प्लेगच्या जिवाणूचं कूळ) सुई वायएससीएफ, शिगेलात (आव करणारा जिवाणू) एमएक्सआयएच, साल्मोनेलात पीआरजीआय. वस्तू तीच. तोंडी परीक्षेला जाताना एकाच जिवाणूची नावं पक्की करावीत, खिचडी करू नये.

ताकद कुठून येते? वेग किती?

दोन ठिकाणांहून. एटीपीएज प्रथिनाला त्याच्या सोबत्यापासून (शॅपेरोनपासून) सोडवतं आणि उलगडायला मदत करतं. प्रत्यक्ष पुढे सरकवायला आतल्या पटलावरचा प्रोटॉनचा उतार लागतो. तो मोडणारं रसायन टाकलं की एटीपी असूनही निर्यात थांबते.

वेग चांगलाच आहे. साल्मोनेलाच्या एसआयपीए या प्रथिनाचं मोजमाप झालं तेव्हा एका जिवाणूतून सेकंदाला साधारण 7 ते 60 रेणू यजमानात जाताना दिसले, आणि काही मिनिटांत साठा संपला. माल आधी करून ठेवलेला असतो, स्पर्श झाला की पाठवणी.

सुईची लांबी कोण ठरवतं, आणि त्याने फरक पडतो का?

फरक पडतो, आणि फार. येर्सिनियाची सुई सुमारे 58 नॅनोमीटर असते. ती मोजायला वायएससीपी नावाचं प्रथिन फूटपट्टीचं काम करतं. 2003 मध्ये या प्रथिनातले तुकडे काढून किंवा वाढवून पाहिलं तर सुई त्याच प्रमाणात आखूड किंवा लांब झाली, दर अमिनो आम्लामागे सुमारे 0.19 नॅनोमीटर. फूटपट्टीच काढून टाकली तर सुया बेताल वाढत जातात. साल्मोनेलात इनव्हीजे हे प्रथिन नसलं तरी तेच घडतं.

आता लांबी इतकी काटेकोर का? जिवाणू यजमानाला चिकटतो तो वेगळ्या प्रथिनांनी. येर्सिनियात ते काम वायएडीए करतं. हे चिकटणारं प्रथिन लांब आणि सुई आखूड असेल तर जिवाणू चिकटतो, पण सुई पोचत नाही. आडात दोर घातला पण घागर पाण्याला लागलीच नाही, तशी गत. शिगेलाची युक्ती याहून मजेशीर: तो आपल्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या साखळ्यांना ग्लुकोज जोडून त्या आटोपशीर करतो, म्हणजे सुईचं टोक उघडं राहतं आणि साखळ्यांचं संरक्षणही जात नाही.

कोणतं प्रथिन पाठवायचं हे कसं कळतं?

प्रथिनाच्या सुरुवातीच्या 20 ते 30 अमिनो आम्लांत पत्ता असतो. त्यात ठराविक अक्षरमाला सापडत नाही, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्याच्या पुढे शॅपेरोनची बसायची जागा असते. शॅपेरोन त्या भागाची घडी पडू देत नाही, म्हणजे नाडीचं टोक मोकळं राहतं. शॅपेरोन स्वतः सुईतून जात नाही, दारातून परत फिरतो.

क्रमही असतो. आधी सुईचे मणी, मग टोपी आणि भोकाची प्रथिनं, मग इफेक्टर, म्हणजे यजमानात जाऊन काम करणारी प्रथिनं. येर्सिनियात वायओपीएन दारावर बसून असतो. यजमानाला स्पर्श झाला की तो बाजूला होतो. प्रयोगशाळेत माध्यमातलं कॅल्शियम काढून घेतलं की 37 अंशांना तोच दरवाजा फसून उघडतो. शरीरात असं कॅल्शियम गायब होत नाही, पण अभ्यासाला ही चोरवाट फार उपयोगी पडली.

आत गेल्यावर ही प्रथिनं करतात काय? पेशी मारतात?

क्वचित. स्युडोमोनास एरुजिनोसाचं एक्सोयू पटलातली चरबी फोडून पेशी झटपट मारतं, पण तो प्रकार अपवादात मोडतो. बहुतेक इफेक्टर पेशीच्या स्वतःच्या खटक्यांवर बोट ठेवतात. तीन उदाहरणं नीट पाहण्यासारखी आहेत.

पहिलं साल्मोनेलाचं. आतड्याच्या अस्तरातली पेशी जिवाणू गिळणारी नसते. साल्मोनेला एसओपीई नावाचं प्रथिन आत घालतो. ते पेशीच्या आरएसी-1 आणि सीडीसी-42 या खटक्यांना चालू करतं. पेशीचा सांगाडा उसळतो, पटलाला घोंगडीसारख्या घड्या पडतात आणि जिवाणू त्या घडीत आत ओढला जातो. आता पेशी अशीच उसळत राहिली तर मरेल, आणि पाहुण्याचंच घर पडेल. म्हणून त्याच सुईतून एसपीटीपी हे दुसरं प्रथिनही जातं, जे तेच खटके बंद करतं. दोन्ही एकाच वेळी गेली तर एकमेकांना मारणार नाहीत का? इथे खरी करामत आहे: पेशीची प्रथिनं मोडणारी व्यवस्था एसओपीई लवकर मोडते, एसपीटीपी उशिरा. आधी उसळी, मग शांतता. घड्याळ जिवाणूचं, पण किल्ली पेशीच्याच हाताने दिलेली.

दुसरं ईपीईसीचं, म्हणजे तान्ह्या मुलांना जुलाब करणाऱ्या ई. कोलायचं. चिकटायला ग्राही, म्हणजे पेशीवरची धरायची जागा, लागतो. तो यजमानात नव्हता, म्हणून या जिवाणूने स्वतःचाच पाठवला. 1997 मध्ये सिद्ध झालं की ज्याला सगळे माणसाच्या पेशीचं प्रथिन समजत होते ते टीआयआर जिवाणूने सुईतून घातलेलं आहे. ते पेशीच्या पटलात जाऊन बसतं आणि जिवाणू आपल्या इंटिमिनने त्याला घट्ट धरतो. खाली ॲक्टिनचा (पेशीच्या सांगाड्याच्या धाग्यांचा) चौथरा उभा राहतो आणि जिवाणू त्यावर बसतो. दुसऱ्याच्या भिंतीत स्वतःची खुंटी ठोकून तिलाच पिशवी अडकवावी, तसं.

तिसरं येर्सिनियाचं. याला आत जायचं नसतं, कुणी गिळू नये एवढंच हवं असतं. वायओपीएच पेशीतल्या निरोपांवरचे फॉस्फेट काढून टाकतं, वायओपीई सांगाडा ढिला करतं, वायओपीजे निरोप वाहणाऱ्या प्रथिनांवर नेमक्या फॉस्फेट बसायच्या जागी ॲसिटिल गट चिकटवतं. जागा अडली, निरोप थांबला. पांढऱ्या पेशी जिवंत असतात, पण हात बांधलेल्या.

प्लेगचा याच्याशी संबंध आहे का?

थेट. येर्सिनिया पेस्टिस हाच प्लेगचा जिवाणू, 1894 मध्ये हाँगकाँगला सापडलेला. 1896 मध्ये प्लेग मुंबईत आला आणि तिथून पसरत शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर संस्थानातही पोचला. घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहण्याच्या गोष्टी जुन्या घरांत अजून सांगतात. काखेत किंवा जांघेत गाठ येते तिथे जिवाणू लाखोंनी वाढत असतात आणि पांढऱ्या पेशी आजूबाजूला असून काही करू शकत नाहीत. हे वायओपी प्रथिनांचं काम. उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं की हा जिवाणू सरसकट सगळ्या पेशींना टोचत नाही. न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक पेशींनाच निवडून टोचतो.

सगळ्या रोगजंतूंकडे ही सुई असते का?

नाही. कॉलऱ्याचं, घटसर्पाचं विष जिवाणू बाहेर सोडतो आणि ते विष स्वतः पेशीत शिरतं. क्षयाच्या जिवाणूची यंत्रणा वेगळी, टाइप सेव्हन. आतड्यात राहणाऱ्या साध्या ई. कोलायकडे रोग करणारी सुई नसते. ईपीईसीकडे ती सुमारे 35 हजार डीएनए-अक्षरांच्या एका जनुकपट्ट्यावरून येते.

टाइप फोर आणि टाइप सिक्स काय आहेत?

टाइप फोरचा पूर्वज डीएनए देवाणघेवाणीच्या यंत्राचा. म्हणून ॲग्रोबॅक्टेरियम प्रथिनाला जोडलेला डीएनएचा तुकडाच झाडात घालतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी पोटाच्या पेशीत सीएजीए घालतो, आणि लिजनेला तर 300 हून जास्त वेगवेगळी प्रथिनं. टाइप सिक्स मात्र खरोखर भोसकतं. ते जिवाणूभक्षक विषाणूच्या शेपटीसारखं आहे: बाहेरचं आवरण काही मिलिसेकंदांत आखडतं आणि आतली नळी पुढे फेकली जाते. सिरिंजऐवजी भाला म्हणा हवं तर. टाइप थ्रीचं नातं जिवाणूच्या पोहण्याच्या शेपटीशी, म्हणजे फ्लॅजेलमशी. तळाचा दरवाजा दोघांचा जवळपास सारखा.

शरीराला हे कळत नाही का?

कळतं. सुई बनवणारं प्रथिन थोडं तरी चुकून यजमानात सांडतंच. आपल्या पेशींत एनएआयपी नावाचे पहारेकरी असतात, ते सुईचे मणी किंवा फ्लॅजेलमचे तुकडे ओळखतात आणि कॅस्पेज-1 हे एन्झाइम जागं होतं. पेशी फुटते, ताप आणि सूज आणणारे निरोप बाहेर पडतात. ज्या हत्याराने घुसायचं त्याचाच आवाज पहारेकरी ऐकतो.

स्राव तपासायचा प्रयोग कसा करतात? आमच्या जेलवर काहीच येत नाही.

आधी हे: साल्मोनेला असो वा शिगेला, बायोसेफ्टी लेव्हल 2 च्या सोयीशिवाय हात लावू नये. कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेला तंबाखूचा प्रयोग पुरेसा आहे, तो पुढे दिला आहे.

रीत अशी. जिवाणू यंत्र चालू होईल अशा स्थितीत वाढवा. साल्मोनेलाच्या वर सांगितलेल्या यंत्रासाठी 0.3 मोलर मीठ घातलेलं एलबी हे वाढीचं माध्यम आणि कमी हवा. कल्चर सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. त्यात शेवटी 10 टक्के होईल एवढं ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड घालून बर्फावर ठेवा. गाळ सेंट्रिफ्यूज करून थंड ॲसिटोनने दोनदा धुवा, वाळवा, सॅम्पल बफरमध्ये विरघळवा, जेलवर चालवा.

जेलवर काही न दिसण्याची नेहमीची कारणं: हवा जास्त मिळाली, किंवा कल्चर रात्रभर फार पिकलं आणि यंत्र बंद झालं. गाळ इतका बारीक असतो की ॲसिटोन ओतताना तोही जातो, म्हणून ट्यूबची कोणती बाजू बाहेर होती ते पेनाने खुणावून ठेवा. सॅम्पल बफर निळ्याचा पिवळा झाला तर आत ॲसिड राहिलंय. ट्रिस बेसचा एखादा मायक्रोलिटर टाकून निळा करून मगच जेलला लावा.

उलट फारच दिसतंय तर? 50 किलोडाल्टनच्या जरा वर जाड पट्टी दिसली की मुलं खूश होतात. ती बहुतेक वेळा फ्लॅजेलिन असते. आणि जिवाणू फुटून आतला माल बाहेर आला असेल तर सगळंच दिसणार. म्हणून दोन कंट्रोल हवेतच: एटीपीएज नसलेला म्युटंट, आणि डीएनएके किंवा जीआरओईएलसारखं आतलंच प्रथिन वेस्टर्न ब्लॉटवर. ते बाहेरच्या पाण्यात दिसलं तर तुमचा स्राव नाही, गळती आहे.

प्रथिन यजमानात गेलं हे दाखवायला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) लावलं तर?

सुई तुंबते. जीएफपी पिंपासारखी पक्की घडी घालतं आणि ती उलगडत नाही. नाडीला गाठ. त्याऐवजी टीईएम-1 बीटा-लॅक्टमेज जोडतात. यजमान पेशीत सीसीएफ-4 हा रंग भरलेला असतो. 409 नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की अखंड रंग हिरवा (520) दिसतो. एन्झाइम आत पोचून त्याने रंग तोडला की निळा (447). हिरव्या पेशींत निळ्या मोजायच्या. दुसरा जुना मार्ग सायए या एन्झाइमचा. ते कॅल्मोड्युलिन मिळाल्यावरच सायक्लिक एएमपी बनवतं आणि कॅल्मोड्युलिन जिवाणूत नसतं, त्यामुळे सायक्लिक एएमपी वाढलं म्हणजे प्रथिन नक्की यजमानातच पोचलं. पत्ता सुरुवातीच्या टोकाला असतो हे विसरून टॅग तिकडे लावणारे दर वर्षी भेटतात. टॅग मागच्या टोकाला लावा.

आमचा शिगेला आधी लाल कॉलनी द्यायचा, आता पांढऱ्या येतात. का?

प्लाझ्मिड (मुख्य गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं कडं) गेला. शिगेलाची सुई सुमारे 2 लाख 20 हजार अक्षरांच्या मोठ्या प्लाझ्मिडवर असते. काँगो रेड घातलेल्या अगारवर 37 अंशांना यंत्र चालू असलेल्या कॉलनी रंग धरतात, प्लाझ्मिड गमावलेल्या पांढऱ्या राहतात. यंत्र पोसणं जिवाणूला महाग पडतं, म्हणून परत परत सबकल्चर केलं की ते न पोसणारेच पुढे निघतात. ताटातली एकटी लाल कॉलनी उचला, लगेच उणे 80 अंशांना ग्लिसरॉलमध्ये साठवा, आणि दर प्रयोगाला त्या साठ्यातूनच सुरुवात करा.

कॉलेजमध्ये करता येईल असा सुरक्षित प्रयोग कोणता?

तंबाखूचं पान. निपाणी-कागल पट्ट्यात रोपं मिळणं अवघड नाही. वनस्पतींच्या रोगजंतूंतल्या टाइप थ्री जनुकांना एचआरपी म्हणतात, आणि ते नावच या प्रतिक्रियेवरून पडलं: ज्या झाडाला हा रोग होत नाही ते झाड टोचलेली प्रथिनं ओळखतं आणि तेवढा भाग स्वतःच मारून टाकतं.

6 ते 8 आठवड्यांचं रोप घ्या, वरून तिसरं-चौथं पूर्ण उघडलेलं पान. स्युडोमोनास सिरिंगी 10 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये मिसळून दर मिलिलिटरला सुमारे 10 कोटी पेशी करा. 1 मिलिलिटरची सिरिंज, सुई काढलेली. पानाच्या खालच्या बाजूला तोंड टेकवायचं, वरून बोटाचा आधार द्यायचा आणि हलकेच दाबायचं. पाणी भिनतं तसा गडद हिरवा ओला डाग पसरतो. त्याची कड मार्करने आखा. शेजारी नुसत्या मॅग्नेशियम क्लोराइडचा आणि एचआरपी म्युटंटचा डाग. 12 ते 24 तासांत पहिला डाग लुळा पडून कागदासारखा सुकतो, बाकीचे हिरवे राहतात. दोन-तीन दिवसांनी सावकाश पिवळं पडलं तर ती ही प्रतिक्रिया नव्हे.

फसतं कुठे? पेशी दर मिलिलिटरला 10 लाखांच्या खाली असतील तर तुरळक पेशी मरतात, डोळ्याला दिसत नाही. कोल्हापूरच्या एप्रिल-मे मध्ये भर दुपारी केलं तर दोन अडचणी: पानाची छिद्रं मिटलेली असल्याने पाणी शिरत नाही, आणि तापमान 30 अंशांच्या वर गेलं की प्रतिक्रियाच मंदावते. रोपाला पाणी घालून सकाळी लवकर करा आणि नंतर 22 ते 25 अंशांत ठेवा. सिरिंज जोरात दाबली तर पान चिरडतं आणि तो डाग जिवाणूच्या नावावर जातो. झाल्यावर पानं 121 अंशांना ऑटोक्लेव्ह करा, बांधावर टाकू नका.

भाताच्या कडा करप्यात ही सुई काय करते?

कडा करपा झान्थोमोनास ओरायझीमुळे येतो. पश्चिमेकडच्या तालुक्यांत वादळी पावसाने पानं फाटली की तो जखमांतून आणि पानाच्या कडेच्या पाणछिद्रांतून शिरतो. सुईतून टेल नावाची प्रथिनं जातात. ती थेट पेशीच्या केंद्रकात पोचतात, ठराविक डीएनए वाचतात आणि स्वीट नावाची जनुकं चालू करतात. स्वीट म्हणजे पेशीतली साखर बाहेर सोडणारा नळ. भात स्वतःच्या हाताने जिवाणूला साखर वाढतो.

टेल प्रथिन 34 अमिनो आम्लांचे तुकडे ओळीने जोडून बनतं. प्रत्येक तुकड्यातली फक्त 12 वी आणि 13 वी जागा बदलते आणि ती डीएनएचं एक अक्षर ओळखते. ही लिपी 2009 मध्ये उलगडली, आणि त्यावरून जनुक कापण्याची हत्यारंही बनली.

शेतकऱ्याला याचा उपयोग असा: एक्सए13 हे प्रतिकारक जनुक म्हणजे दुसरं काही नाही, स्वीट जनुकाच्या समोरचा डीएनए थोडा बदललेला, त्यामुळे जिवाणूच्या टेलला तिथे बसता येत नाही. नळाला चावीच लागत नाही. इम्प्रूव्ह्ड सांबा मसुरी या 2008 च्या वाणात एक्सए21, एक्सए13 आणि एक्सए5 अशी तीन जनुकं आहेत. तीन एवढ्यासाठी, की एकाला चकवणारा जिवाणू लवकर निपजतो, तिघांना एकदम चकवणं अवघड. घनसाळसारखा वास आणि चव यांसाठी जपलेला वाण लावणाऱ्यांनी निदान युरियाचा हात आखडावा. जादा नत्राने कडा करपा जोर धरतो.

वांगी, टोमॅटो अचानक सुकतात. बुरशी की जिवाणू?

पाच मिनिटांत कळतं. बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा धारदार पात्याने कापा आणि स्वच्छ काचेच्या ग्लासात पाण्यात टोक बुडेल असा न हलवता धरून ठेवा. कापल्या जागेतून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरताना दिसले तर राल्स्टोनिया हा जिवाणू. फ्युजेरियमच्या मररोगात धागे येत नाहीत.

राल्स्टोनियात सुकणं होतं ते मुख्यतः त्याच्या चिकट साखरेने पाण्याच्या नळ्या तुंबल्यामुळे. पण एचआरपी जनुकं काढली तर रोगच होत नाही, कारण सुईशिवाय त्याला झाडाचा प्रतिकार दाबता येत नाही. मातीत तो वर्षानुवर्षं राहतो. त्या जागी पुन्हा वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा, आलं लावू नका. मका किंवा भाताचा फेर घ्या.

उसावरच्या लीफ स्काल्डमध्येही हीच सुई का?

नाही, आणि म्हणूनच तो उल्लेखनीय आहे. झान्थोमोनास अल्बिलिनिअन्सकडे भावंडांसारखी एचआरपी सुई नसते. त्याचं काम अल्बिसिडिन या विषावर चालतं. ते हरितलवकांतल्या डीएनएची कामं अडवतं, म्हणून पानावर पेन्सिलीने ओढल्यासारखी पांढरी रेघ येते. रोग पसरतो बेण्यातून आणि कोयत्यातून. बेणं सुमारे 40 तास वाहत्या थंड पाण्यात ठेवून मग 50 अंशांच्या पाण्यात 3 तास ठेवतात. 52-53 झालं तर डोळे मरतात, 48 ला जिवाणू वाचतात, म्हणून टाकीत थर्मामीटर हवाच. हाताला कोमट लागतंय हा हिशोब इथे चालत नाही.

स्ट्रेप्टोमायसिन फवारलं की सुई बंद पडते का?

सुईशी त्याचा संबंध नाही. ते जिवाणूचा रायबोसोम अडवतं. पानावरचे जिवाणू मरतात, नळ्यांत शिरलेल्यांपर्यंत पुरेसं पोचत नाही, आणि वारंवार मारलं की प्रतिकारक जिवाणू उरतात. तांबं असलेली औषधंही पृष्ठभागावरच काम करतात, तेव्हा ती आधी, लक्षणं दिसायच्या आत. सुकलेल्या झाडावर फवारणी म्हणजे पैसे पाण्यात.

सुई बंद करणारं औषध का नाही?

प्रयत्न बरेच झाले. प्रयोगशाळेत सुई अडवणारी रसायनं सापडली आहेत, स्युडोमोनासच्या सुईच्या टोकाला धरणाऱ्या अँटिबॉडी माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेल्या. बाजारात मान्यता मिळालेलं औषध अजून एकही नाही. अडचण समजण्यासारखी आहे: रुग्ण दवाखान्यात येतो तोवर टोचून झालेलं असतं. लसीचा मार्ग जास्त बरा वाटतो. येर्सिनियाच्या सुईच्या टोकावरचं व्ही अँटिजेन प्लेगच्या नव्या लसींत वापरून पाहिलं जात आहे.

पुरानंतर आव पडली तर याचा काही उपयोग?

2019 आणि 2021 सारखा पंचगंगेचा पूर ओसरल्यावर हा प्रश्न येतोच. शिगेला अवघ्या 10 ते 100 जिवाणूंनी रोग करू शकतो. साल्मोनेलाला सहसा हजारो-लाखो लागतात. म्हणून आव घरात एकाकडून दुसऱ्याकडे हातानेच जाते. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात, पिण्याचं पाणी उकळून. ओआरएसचं 1 लिटरचं पाकीट बरोबर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून टाका. पाकीट अर्ध्या तांब्यात कालवून "जरा कडक" करण्याची सवय मुलांना घातक ठरते, मीठ जास्त होतं. मुलाला जुलाब असतील तर झिंक 20 मिलिग्रॅम रोज, 10 ते 14 दिवस. सहा महिन्यांखालच्या बाळाला 10 मिलिग्रॅम. शौचात रक्त दिसलं, ताप आला किंवा मूल सुस्त पडलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. जुलाब थांबवणारी गोळी मेडिकलमधून आणून स्वतः देऊ नका: रक्ताच्या जुलाबात आतडं थांबवलं की जिवाणू आतच जास्त वेळ राहतात.